शॉन, पिंगू आणि आमच्या घरची मतं : प्रकल्प नोंदी

ब्रिस्टल, जानेवारी ते एप्रिल २०२५

५ जानेवारी, रविवार

आमच्या रविवारच्या मराठी वर्गाचं सत्र सुरू व्हायला दोन आठवडे आहेत. लहान गटासाठी (४ ते ८ वर्षं) यंदा गोष्टीचं पुस्तक बाजूला ठेवून मातीच्या बाहुल्यांची, संवाद नसलेली मालिका वापरून बघणार आहे. मराठी गोष्ट वाचायला घेतली की चौथ्या वाक्याला मुलांची नजर खिडकीबाहेर जाते. इंग्रजी काही लावलं तर पुढची चर्चाही इंग्रजीतच होते. ज्यात कोणीच कुठल्या भाषेत बोलत नाही असं काही लावलं, तर निदान कोणत्या भाषेत उत्तर द्यायचं हे आधीच ठरलेलं नसेल.

पालकांच्या गटावर लगेच दोन आक्षेप आले. एक : मुलं घरी पडद्याला चिकटलेली असतात म्हणून तुमच्याकडे पाठवतो, आणि तुम्हीही पडदाच लावणार? दुसरा : बोलायला शिकवायचंय तर मुकं कशाला दाखवायचं? पहिला मला मान्य आहे, म्हणून एका रविवारी दहा मिनिटांपेक्षा जास्त पडदा नाही. दुसऱ्याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. म्हणून वर्गात नेण्याआधी घरी लावायचं आणि कोण काय म्हणतं ते लिहून ठेवायचं.

घर म्हणजे मुलं सई (८) आणि कबीर (साडेतीन), नवरा निखिल, मी, आणि नोव्हेंबरपासून फलटणहून आलेले सासूसासरे. सासऱ्यांना घरात सगळेच आबा म्हणतात. पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होते. उभी नोकरी फलटण आणि माण तालुक्यात, म्हणजे मेंढरांच्या मुलखात. मेंढ्यांच्या मालिकेला याहून कडक परीक्षक मिळायचा नाही.

कोणालाही ‘आवडलं का?’ असं विचारायचं नाही. ते विचारलं की पाहुण्यासारखं ‘छान आहे’ ऐकायला मिळतं.

९ जानेवारी, गुरुवार

यादी ठरली.

‘शॉन द शीप’. गावचाच स्टुडिओ, त्यामुळे पहिला मान त्याला. पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन या शाळेतल्या दोन मित्रांनी १९७२ मध्ये आर्डमन सुरू केलं आणि १९७६ मध्ये ते ब्रिस्टलला आले. शॉन पहिल्यांदा दिसला १९९५ मध्ये, निक पार्क यांच्या वॉलेस-ग्रोमिटच्या एका लघुपटात, दुय्यम भूमिकेत. त्याची स्वतःची मालिका मार्च २००७ पासून. एक भाग साधारण सात मिनिटांचा.

‘टिमी टाइम’ (२००९). त्याच कळपातलं कोकरू बालवाडीत जातं. कबीरच्या वयासाठी.

‘पिंगू’. पेंग्विनचं कुटुंब, मूळ स्वित्झर्लंडचं. ओट्मार गुटमान यांनी झुरिकजवळच्या रुसिकॉन गावातल्या स्टुडिओत बनवलं, १९९० पासून टीव्हीवर. भाग पाच मिनिटांचे. यातली पात्रं गप्प नसतात, अखंड बडबडतात, पण ती बडबड कुठल्याच भाषेतली नाही. सुरुवातीच्या सगळ्या भागांत प्रत्येक पात्राचा आवाज एकाच माणसाचा, कार्लो बोनोमी या इटालियन नटाचा. आई, बाप, पोरगं, आजोबा, सगळे तोच.

निखिलने ‘लॅम्पुट’ सुचवलं. मुंबईच्या वैभव स्टुडिओजचं, त्यातही बोलणं नाही. पण ते मातीचं नाही आणि नारिंगी गोळ्याला प्राणी म्हणायचं का यावर जेवणाच्या टेबलावर एकमत झालं नाही. राखीव.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

तिळगूळ देऊन-घेऊन झाल्यावर शॉनचा पहिलाच भाग लावला. कळपाला कोबीचा गड्डा सापडतो आणि त्याचा फुटबॉल होतो. शिट्टीवाला कुत्रा बिट्झर पंच.

आबा मिनिटभर गप्प होते. मग, “हे मेंढरू दोन पायांवर का उभंय?”

सई म्हणाली, “आबा, ते फार्मर नसताना उभं राहतं. फार्मर आला की चार पायांवर.”

“म्हणजे साहेब आले की खाली मान. आमच्या हापिसातही हेच चालायचं.” आणि पुढची दोन मिनिटं ते स्वतःशीच हसत होते.

भाग संपल्यावर त्यांनी जे सांगितलं ते जमेल तसं उतरवून घेतलं. तोंड आणि पाय काळे, अंग पांढरं, म्हणजे वळण सफोक जातीचं. आपली दख्खनी मेंढी बहुतेक काळी, लोकर राठ, तिची घोंगडी होते, स्वेटर होत नाही. जतकडची माडग्याळ असती तर नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार असतं. कोबी मेंढरं खातात, लाथाडत नाहीत. आणि बेतानंच द्यायचा, नाहीतर पोट फुगतं. एक पुढं गेलं की बाकीची मागं जातात, हे मात्र बरोबर पकडलंय. कुत्र्यावर ते सगळ्यात जास्त वेळ बोलले. धनगराचा कुत्रा राखणीला असतो, लांडगा येऊ नये म्हणून. मेंढरं हाकायचं काम माणसांचं. इथला कुत्रा हाकणारा. “पण याची अडचण निराळीच हाय. मालकाला खरं सांगायचं तर मेंढरं रुसतात, नाही सांगायचं तर मालक. मधल्या माणसाची नोकरी आहे ही.”

बिट्झरबद्दल इतकं नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

आईंचा (सासूबाईंचा) आक्षेप असा की शेतकरी काय बोलतो तेच कळत नाही, नुसता घशात गुरगुरतो. यावर आबा म्हणाले, “मेंढराला आपलं बोलणं असंच ऐकू येत असणार.” आई काही बोलल्या नाहीत, पण पटलं असावं. पुढच्या वेळी शेतकरी गुरगुरला तेव्हा त्या हसल्या.

त्यांचं दुसरं म्हणणं जास्त महत्त्वाचं. “सात मिनिटं झाली, पोरं एक शब्द बोलली नाहीत. तुला बोलवून घ्यायचंय ना त्यांच्याकडून?” खरं आहे. मुलं हसली, उड्या मारल्या, संपल्यावर ‘अजून एक’ म्हणाली. प्रकल्पाच्या हिशेबाने शून्य.

१८ जानेवारी, शनिवार

दोन भाग. शेतकऱ्याचा कोट चढवून, एकावर एक उभं राहून मेंढरं गावात पिझ्झा आणायला जातात तो, आणि ‘टिमी टाइम’चा एक.

पिझ्झाच्या भागावर सई खूश. तिचं मत : दुकानदाराला कसं कळत नाही हेच फनी आहे, आणि त्यांनी बोलून ऑर्डर दिली असती तर फनी झालं नसतं. आठ वर्षांच्या मुलीच्या मानाने मुद्दा पक्का आहे. यातला विनोद अडचणीतून येतो, आणि तोंडानं सांगता आलं असतं तर अडचणच उरली नसती.

एक भांडण शीर्षकगीतावरून. सईचा दावा की ‘शॉन’ वर्डलेस नाहीच, गाण्याला शब्द आहेत. आहेत. व्हिक रीव्ह्जने म्हटलेलं इंग्रजी गाणं आहे. वर्गात गाणं वगळून सुरू करायचं.

‘टिमी’ कबीरने खुर्चीच्या काठावर बसून बघितला. त्यातल्या बालवाडीत प्रत्येक पिल्लू फक्त आपापला आवाज काढतं. बदक बदकाचा, मांजर मांजराचा. कबीरने दिवसभर सगळ्यांना ‘बें’ करून उत्तर दिलं, जेवायला ये म्हटलं तरी बें. आईंना हे अजिबात आवडलं नाही. “आधीच मराठी अर्धवट, त्यात आता मेंढरासारखं बोलतोय.” निखिलने सांगून बघितलं की टिमीचा आणि शॉनचाही आवाज जस्टिन फ्लेचरचा आहे, म्हणजे कबीरचा लाडका मिस्टर टंबल, जो हातांच्या खुणा करून मुलांशी बोलतो. आई म्हणाल्या, “मग त्याला खुणा शिकव.”

‘टिमी’ वर्गासाठी नको. भाग बरे आहेत, पण चार वर्षांच्या वर गेलेल्या मुलाला तो बाळांचा कार्यक्रम वाटतो आणि तो मागे टेकून बसतो.

२६ जानेवारी, रविवार

पिंगू. आज आईंचा दिवस.

त्यांनी स्वतःहून तिसरा भाग लावायला सांगितला, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे सगळी तक्रारच आहे. सुरुवातीच्या भागांत बाप पाइप ओढतो. पोर घरातून निघून जातं त्या भागात त्याला फटका बसतो. पोर शू रोखून धरत धावतं आणि त्यावर अख्खा भाग. “हे लहान मुलांना दाखवायचं?” आणि मग पाच मिनिटांनी, भांडी आवरताना : “पण घर खरं आहे हो. त्या मेंढरांचं नुसतं हुंदडणं. इथं आई लाटते, बाप कामावरनं दमून येतो, पोरगं रुसतं.”

बहिणीचा जन्म झाल्यावर पिंगूला मत्सर वाटतो तो भाग सगळ्यांनी दोनदा बघितला. सई गप्प. कबीर सईकडे बघत होता. आईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “तू पण असंच केलं होतंस. याच्या पाळण्यात चप्पल टाकली होतीस.” सईला आठवत नव्हतं, ती खवळली. “मी चप्पल नव्हती टाकली! मी सॉक टाकला असेल. चप्पल मोठी असते, मी छोटी होते, मला उचलता नसती आली!”

एका दमात पाच मराठी वाक्यं. ‘उचलता नसती आली’ हे तिने कुठून आणलं, देव जाणे. लगेच वहीत घेतलं.

३० जानेवारी, गुरुवार

पिंगूचं स्वप्न, म्हणजे पलंगाला पाय फुटतात आणि दात विचकणारा अजस्र प्राणी समोर येतो, तो भाग रद्द. कबीर रात्री आमच्या खोलीत. निखिललाही लहानपणी हाच भाग बघून भीती वाटली होती म्हणे, हे त्याने आधी सांगायला हरकत नव्हती.

८ फेब्रुवारी, शनिवार

आवाज बंद करून चाचणी. कल्पना आईंची, आणि तीही सहज आलेली. त्यांच्या कानातल्या यंत्राची बॅटरी संपली होती. त्या म्हणाल्या, राहू दे, तसंच बघते. शॉनचा भाग संपल्यावर त्यांनी गोष्ट अथपासून इतिपर्यंत सांगितली, एकही दुवा न चुकता. पिंगूचा भाग लावला तर मध्येच म्हणाल्या, “आता हा रडतोय का हसतोय?”

मग सगळ्यांनीच आवाज बंद करून बघितलं. फरक स्पष्ट आहे. पिंगूचा अर्धा जीव बोनोमीच्या घशात आहे. बाप रागावलाय की नुसताच कुरकुरतोय, आई लाडाने बोलते की वैतागून, हे सगळं सुरावर कळतं. चोचीवरून फारसं कळत नाही. भाषा नसली तरी ते बोलणंच आहे, ओळी असतात, उत्तरं असतात. शॉनमध्ये तसं नाही. तिथे आवाज चिडचिड दाखवतो, विनोदाला फोडणी देतो, पण गोष्ट चालते ती डोळे, कान आणि हालचालीवर. हे घराणं ग्रोमिटचं. त्या कुत्र्याला तोंडच नाही, आणि भुवई वर-खाली करून त्याने सगळे सिनेमे पेलले.

म्हणजे ‘मुकी मालिका’ हे एकच खोकं नाही. वर्गासाठी निष्कर्ष : आवाज बंद करून चालवायचं असेल तर शॉन. भावनेवर बोलायचं असेल तर पिंगू, आवाजासकट.

आवाज बंद केल्यावर आणखी एक गोष्ट झाली. खोलीत शांतता पसरली की आबांना राहवत नाही, ते बोलायला लागतात. आणि ते चुकीचं बोलतात. शेतकरी चित्र काढायला बसतो आणि मेंढरं त्या चित्रात लुडबुड करतात, त्या भागात आबांनी ठाम सांगितलं की तो भिंतीला चुना लावतोय. सई उसळली. “चुना नाही आबा! तो पेंटिंग करतोय, बघा ना, समोर झाड आहे, आणि इकडे पण झाड आहे!” कबीरही, “झाड! झाड!” आबा म्हणाले झाड कसलं, तो कोबी आहे. पुढची पाच मिनिटं मी नुसती लिहीत होते.

दोन गोष्टी जोडून बघितल्या. २६ तारखेला सई बोलली ती चप्पल नव्हती म्हणून. आज बोलली ती चुना नव्हता म्हणून. मालिकेत शब्द नाहीत एवढ्यानं मुलं बोलत नाहीत. कोणीतरी चुकीचं बोललं की त्याला दुरुस्त करायला बोलतात. आणि दुरुस्त ज्याला करायचंय त्याला इंग्रजी येत नसेल (किंवा येत नसल्याचं सोंग असेल) तर मराठीत.

मालिका मुकी असण्याचा फायदा इतकाच, पण तो मोठा आहे : आबा चूक की बरोबर हे ठरवायला पडद्यावर कोणी बोलून साक्ष देत नाही. मुलांनाच पटवून द्यावं लागतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सुट्टीचा आठवडा. एम शेड संग्रहालय, मग हार्बरच्या काठाने चालत आर्डमनच्या इमारतीपर्यंत. आत जाता येत नाही, बाहेरून फोटो.

आबांना किमतीत रस. २०१५ च्या उन्हाळ्यात या गावात शॉनचे ७० रंगवलेले पुतळे उभे केले होते, लंडनमध्ये आणखी ५०. नंतर सगळ्यांचा लिलाव होऊन दहा लाख पौंडांहून जास्त रक्कम आली, ती आजारी मुलांच्या कामासाठी. “एकशेवीस मेंढरं, दहा लाख पौंड,” आबांनी मनातल्या मनात भागाकार केला. “आणि खरी मेंढरं?” सईने सांगितलं की एक शॉन चंद्राला चक्कर मारून आलाय, २०२२ मध्ये, नासाच्या आर्टेमिस मोहिमेच्या यानातून. आबा म्हणाले, आता हे मात्र मी चूक म्हणत नाही, कारण मला खरंच पटत नाही.

घरी निखिलचं प्रवचन. इथल्या टीव्हीसाठी सेकंदाला २५ चित्रं. बरेचदा एक ठेवण दोन चित्रं टिकवतात, म्हणजे सेकंदाला बारा-तेरा हालचाली. सात मिनिटांची १०,५०० चित्रं, पाच हजारांवर वेळा बाहुली हलवायची. आईंनी विचारलं, “आणि मध्येच कोणाचा धक्का लागला तर?” नेमका हाच प्रश्न अनुभवायला मिळाला, कारण सई-कबीरने स्वयंपाकघरातल्या टेबलावर मातीचं मेंढरू करून फोन लावला. ढग आले-गेले की उजेड बदलतो आणि चित्र लुकलुकतं. पडदे ओढून दिवा लावला. मेंढरू तीन सेकंद चाललं. शेवटी कबीरने त्याचं डोकं दाबलं, ते राहू दिलं.

आर्डमन ज्या कारखान्याची माती वापरत आलं तो डेव्हनमधला कारखाना २०२३ मध्ये बंद झाला, हे निखिलने सांगितल्यावर सई काळजीत. त्यांनी शिल्लक साठा घेऊन ठेवलाय असं कळल्यावर शांत.

आबांच्या जिव्हाळ्याची माहिती : राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) शिकलेले धीमंत व्यास शॉनच्या मालिकेवर काम करून आले आहेत, आणि ‘तारे जमीन पर’ची मातीतली श्रेयनामावली त्यांची. “पाचगणीचा सिनेमा,” आबा म्हणाले, सातारा जिल्ह्याचा मान राखत.

२ मार्च, रविवार

वर्गात पहिला प्रयोग, मुद्दाम आबांना न नेता. पूर्ण भाग, आवाजासकट, नंतर प्रश्न. ‘काय झालं?’ ला उत्तर : ‘शीपने कोबी किक केला.’ ‘आणि मग?’ शांतता. एका मोठ्या मुलीने सगळी गोष्ट इंग्रजीत सांगून टाकली आणि विषय संपला.

८ मार्च, शनिवार

मेंडिपच्या टेकड्यांवर. पायवाट कुरणाच्या कडेने जाते, कुत्रे दोरीने बांधून न्या अशी पाटी. कोकरांचा हंगाम आहे. आबांनी दगडी गडग्याला टेकून बराच वेळ काढला. कोकरं आणि आया यांच्या अंगावर रंगाने एकसारखे आकडे फवारलेले होते, जुळ्यांवर एकच आकडा, कोण कोणाचं ते लांबून कळावं म्हणून. हे त्यांना फार पसंत पडलं. वळणं सफोकची, काही संकर. “इथं लोकर वर्षातनं एकदा काढतात. आपण दोनदा. भाव दोन्हीकडं नाही.”

मग त्यांनी जिभेने टाळूवर आवाज काढला, धनगर काढतात तसा, आणि पाठोपाठ लांब ‘हुर्र’. चार-पाच माना वर झाल्या. कबीरचं तोंड उघडंच राहिलं. एक मेंढी दोन पावलं पुढे आली, विचार करून परत चरायला लागली. आबा म्हणाले, “तिला मराठी येत नाही.” कबीर लगेच, “आबा, ते मराठी नाही! ते हुर्र आहे!”

दुरुस्ती क्रमांक माहीत नाही कितवी. घरी येईपर्यंत गाडीत सगळे हुर्र करत होते, निखिलसुद्धा.

१४ मार्च, शुक्रवार

उद्या-परवाची तयारी. शॉनमधले तीन तुकडे काढले, प्रत्येक दीड मिनिटाच्या आत, आवाज बंद. पूर्ण भाग नको. शॉनचा वेग असा आहे की एक विनोद बोलून दाखवेपर्यंत पुढचे तीन होऊन जातात. सात मिनिटं हसायला ठीक, बोलायला जागा नाही.

आबांना सूचना दिली की मुद्दाम चुकीचं बोला. ते दुखावले. “मी मुद्दाम कधी बोललो?” मग सूचना मागे घेतली.

१६ मार्च, रविवार

आबा कोपऱ्यात खुर्चीवर. मुलांना सांगितलं की आबांना चष्म्यातून नीट दिसत नाही आणि इंग्रजी कळत नाही, तर त्यांना काय चाललंय ते सांगा. (चष्मा नवा आहे.)

पहिला तुकडा, मेंढरं जिमसारखा व्यायाम करतात. जाडजूड शर्लीला कमी करायचंय. आबा म्हणाले, “तिला कोकरू होणार आहे.” वर्गात एकच कल्ला. मुलांचे शब्द जसे पडले तसे :

“नाही आबा, ती फॅट आहे!”

“तिने खूप खाल्लं म्हणून ती मोठी झाली.”

“तिला बाळ नाहीये, बाळ त्या दुसऱ्या आईला आहे, ती डोक्यावर काहीतरी लावते ती.” (टिमीच्या आईचे कर्लर.)

“ते तिला पळवतात, पण ती नाही पळत. ती दमते.”

“तुम्ही डॉक्टर आहात का?”

शेवटचा प्रश्न बरोबर होता म्हणून आबांनी खरं उत्तर दिलं, आणि माडग्याळच्या मेंढीचं नाक हाताने करून दाखवलं. मग तिसरा तुकडा बघायचाच राहिला.

एक पालक मागे उभे राहून बघत होते, जानेवारीत पडद्याला हरकत घेणारेच. म्हणाले, पडदा चार मिनिटंच होता की. त्यांची तक्रार आता वेगळी : ‘फॅट’ म्हणणं बरं नाही. तेही खरं. शर्लीचा तुकडा पुढच्या वेळी बदलायचा. २००७ मध्ये जाडेपणावरचा विनोद जितका सहज खपला तितका आज खपत नाही, आणि वर्गात एक-दोन मुलं आहेत ज्यांना शाळेत हेच ऐकावं लागतं.

२३ मार्च, रविवार

पिंगू, अकॉर्डियन वाजवणारे आजोबा, आवाजासकट. मुलं बोलली कमी, पण आवाज काढले भरपूर. बोनोमीच्या त्या बडबडीत प्रत्येकाला आपल्या घरची भाषा ऐकू येते. एक मुलगा शपथेवर सांगत होता की पिंगूची आई ‘चल ना रे’ म्हणाली. आम्ही तो तुकडा परत लावला. मलाही तसंच ऐकू आलं.

३० मार्च, रविवार, पाडवा

घड्याळं आज पहाटे एक तास पुढे गेली, इथला मातृदिनही आजच, त्यामुळे कार्यक्रमाला निम्मे लोक उशिरा. मुलांनी एक तुकडा पडद्यावर लावून समोर उभं राहून बोलायचा, असं ठरलं होतं. चित्राच्या भागाचा तुकडा घेतला. पाठ केलेलं काही नाही. दोघं जण मेंढरं झाले, सई शेतकरी. तिने शेतकऱ्याला संवाद दिलेच नाहीत, नुसती गुरगुरली, आणि आईंच्या शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, ‘ती काय म्हणतेय?’ आई म्हणाल्या, “मेंढराला ऐकू येतं तसं.”

आबांना माइक दिला नव्हता. तरी बोललेच.

६ एप्रिल, रविवार

पुढच्या सत्राचं ठरवून टाकलं. शॉन राहील, आवाज बंद, छोटे तुकडे. पिंगूचे मत्सराचा आणि अकॉर्डियनचा असे दोनच भाग, फटक्याचा आणि पाइपचा कुठलाही नाही (आईंची अट, मला मान्य). टिमी वगळला. मुलांनी स्वतः मातीचं काही करायचं का, यावर निखिल उत्साही. पण वर्गाच्या हॉलला मोठ्या खिडक्या आहेत आणि पडदे नाहीत.

अडचण एकच. आई-आबा या महिन्याच्या शेवटी परत जातात. दुसऱ्या आजीआजोबांना विचारलं. दोघं तयार आहेत, पण दोघांनाही आधी भाग बघून यायचंय, आणि एकदा गोष्ट कळली की माणूस प्रामाणिकपणे चुकत नाही. म्हणून आबा फलटणहून व्हिडिओवर येणार. आपली सकाळी अकराची वेळ म्हणजे तिकडे दुपारचे साडेतीन, त्यांच्या चहाच्या आधी. त्यांच्या अटी : गोष्ट आधी सांगायची नाही, आवाज बंदच हवा, आणि एखाद्या रविवारी ते पलीकडच्या वाड्यावरच्या धनगराला फोनसमोर बसवतील, त्याने मेंढरांना बघून जे काय म्हणायचं ते म्हणू द्यायचं, मध्ये कोणी समजावून सांगायचं नाही.